भाकरी अंमळ जाड

हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा मी अकोल्याहून दोन बॅगा आणि एक खोड घेऊन आले. कुठल्याही नव्या ठिकाणी उतरले, की तिथली माणसं स्वस्तात चांगलं कुठे जेवतात हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नसे. साल दोन हजार चार असावं. नेऱ्यात एका शेतकरी कुटुंबाने नुकत्याच बांधलेल्या दुमजली घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. खाली घरमालकीणबाई, म्हणजे काकू, त्यांच्या दोन म्हशी आणि भाताचं कोठार. वर मी आणि एका शेगडीचा गॅस.

ऑफिसच्या कँटीनमध्ये आठवड्याचे पाचही दिवस पनीर असे. सोमवारी लाल, मंगळवारी हिरवं, बुधवारी पांढरं. गुरुवारी पुन्हा लाल, पण नाव वेगळं. त्यामुळे रविवार उजाडला की मी जुनी स्कूटर काढायची आणि पिरंगुट, पौड, लवळे असं जिकडे रस्ता नेईल तिकडे जायचं. मेनूकार्डाला प्लास्टिक चढवलेलं असेल, तर त्या हॉटेलात पाऊल टाकायचं नाही, हा माझा नियम होता. लवळ्याच्या टेकडीखाली ट्रकवाल्यांसाठी चालणाऱ्या टपऱ्यांवर मी अंडाभुर्जीचे सात प्रकार खाल्ले. सातही एकसारखे लागले, पण तसं तिथे बोलण्याची सोय नव्हती.

एकटी बाई खानावळीत जेवायला येते, ही गोष्ट तेव्हा रस्त्यावरच्या मालकांच्या पचनी पडत नसे.

"किती जणं?"

"एक."

"मागनं येतायत का?"

"नाही, एकटीच."

मग मालक मला आत नेऊन 'फॅमिली रूम'मध्ये बसवायचा आणि पडदा ओढून घ्यायचा. चार खुर्च्या, एक पंखा, देवाचं कॅलेंडर, आणि त्या सगळ्या फॅमिलीच्या जागी मी. पडद्याला फट ठेवून मी बाहेरच्या ताटांत काय आहे ते बघत असे.

काकूंना हे अजिबात पटत नव्हतं. "घरी गॅस हाय, भांडी हायेत, हात हायेत," त्या म्हणायच्या. "मग पेट्रोल जाळून लोकाच्या दारात कशाला जातीस जेवाया?"

"काकू, माणसं काय शिजवतात ते बघायला जाते."

"मग माझ्या चुलीवर बघ की. ती कुटं पळून चाललीया?"

यावर मी स्कूटर सुरू करायची.

दर सोमवारी सकाळी मी ऑफिसातल्या सहा-सात जणांना मेल पाठवत असे. कुठे जेवले, काय खाल्लं, रस्ता कसा. गुणांऐवजी भाकऱ्या द्यायचे, पाचपैकी. संगणकावर मराठी उमटवणं तेव्हा जिकिरीचं होतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, आणि तरीही त्यात 'अंमळ', 'किंचित', 'रसभंग' असे शब्द घालायचे. त्या सहा-सात जणांनी मेल पुढे पाठवला, पुढच्यांनी आणखी पुढे. जिन्यात अनोळखी माणसं थांबून विचारू लागली, "या रविवारी कुठे?" मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू?

एका रविवारी खिंड ओलांडून मुठ्याकडे उतरले आणि स्कूटरचं चाक बसलं. पंक्चरवाला तासाभराने येईल असं कळलं. समोर एक घर होतं. ओटीवर चार मजूर पंगतीला बसले होते आणि एक पन्नाशीची बाई त्यांना वाढत होती. पाटी नाही, टेबल नाही. जवळपास शहरातल्या लोकांचे बंगले बांधायचं काम चाललं होतं; तिथल्या मजुरांना आणि वॉचमनना ही बाई रोज दुपारचं जेवण घालत असे. मी पाणी मागितलं.

"नुसतं पाणी कशाला पितीस ऊन लागल्यावर? बस तिकडं कडंला."

तिने ताटली पुढे ठेवली. तांदळाची भाकरी, हुलग्याचं कालवण, ठेचलेला कांदा, चिमूटभर सुकटीची चटणी. कालवण काळपट, वर तेलाचा पातळ थर. पहिल्या घासाला धुराची चव आली, मग लसणाची, मग काहीतरी जे मला ओळखता येईना. मी तिसऱ्यांदा कालवण घेतलं आणि पर्समधून वही काढली.

"मावशी, यात घातलंय काय?"

"हुलगं."

"आणि मसाला?"

"मसाला."

"म्हणजे किती?"

"लागंल तेवढा." मग माझ्या पेन्सिलीकडे बघत तिने विचारलं, "तुझं घर किती माणसांचं?"

"एकटीच राहते."

"मग एकटीसाठी हुलगं शिजवू नगंस. येवढ्या वेळात चार घरं फिरून जेवून येशील."

सोमवारी मी या घराला पाचपैकी साडेचार भाकऱ्या दिल्या. रस्त्याच्या खुणा बारकाईने लिहिल्या, खिंडीनंतरचं वळण, घरापुढचा आंबा, सगळं. अर्धी भाकरी का कापली, तेही लिहिलं: 'भाकरी अंमळ जाड.' आपण अगदीच भारावून जाणाऱ्यांतले नाही, हे वाचकांना कळायला हवं ना.

त्या संध्याकाळी दूध घ्यायला खाली गेले, तेव्हा काकूंना सगळं सांगितलं.

"मंजी समद्या आफिसाला तिचं घर दावलंस," त्या म्हणाल्या. "तिला इचारलंस का?"

"काकू, तिचं गिऱ्हाईक वाढेल."

काकूंनी दुधाचं माप पातेल्यात ओतलं.

पुढच्या रविवारी मी बारा वाजता मुठ्याला पोचले, तर आंब्याखाली नऊ मोटारसायकली आणि दोन गाड्या. ओटी भरलेली, अंगण भरलेलं. ऑफिसात आमच्या मजल्यावरचे लोक, दुसऱ्या इमारतीतले लोक, कुणाची तरी बायको, कुणाचे तरी सासू-सासरे. मधोमध आमचे टीम लीड, गॉगल डोक्यावर चढवून, माझ्या मेलची छापील प्रत हातात धरून बसलेले. मी पाठवलेल्या कोणत्याही कामाच्या मेलची प्रत त्यांनी कधी काढलेली माझ्या ऐकिवात नाही.

मावशी दारात उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुणे आले आहेत की धाड पडली आहे, हे न कळल्यावर माणूस जसं बघतं, तसं ती बघत होती. मला पाहून तिने विचारलं, "ही तुझी माणसं व्हय?"

नाही म्हणायचा मोह झाला. "हो," मी म्हटलं.

"मी धा जणांचं रांधलंय. ही मोज."

मोजली. सव्वीस होती. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने तिची रोजची माणसं आली. चार मजूर आणि दोन वॉचमन. अंगणातली गर्दी बघून ते बांधापाशीच थांबले. त्यातला एक म्हणाला, "मावशे, आज कार्य हाय का? मग आमी बिस्किटं खाऊन भागवतो." आणि ते खरंच वळायला लागले.

 हे लोक पहाटेपासून दगड उचलत होते, आणि त्यांच्या वाटचं कालवण खायला मी सव्वीस जणांना नकाशा काढून पाठवलं होतं.

मावशीने आवाज चढवला. "कुटं चालला रं? बसा हितं!" मग ओटीकडे वळून आमच्या लोकांना म्हणाली, "तुमी उटा. ही रोजची हायेत. ही जेवल्याबगर मी कुणाला वाढायची न्हाई."

लेदरचे बूट घातलेली माणसं मुकाट उठली. टीम लीड सगळ्यात आधी. सहा जणं निवांत जेवली, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत आम्ही सगळे अंगणात उभे राहून त्यांच्या ताटल्यांकडे बघत होतो. उरलेल्या कालवणाचे दोन घास सासू-सासऱ्यांना मिळाले, तेवढंच.

"हुलगं भिजवाया रात लागती," मावशी म्हणाली. "पीठ हाय. हुलग्याचं पिठलं टाकते न् भात. पर हात लावावा लागंल."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. संगणकाच्या तीन-तीन भाषा येणारे दोघं जण विहिरीवरून पाणी आणायला गेले आणि निम्मं रस्त्यात सांडून आले. त्या कुणाच्या तरी बायकोने लसूण सोलला. टीम लीड कांदा चिरायला बसले. डोळ्यांना इतकं पाणी आलं की शेवटी त्यांनी गॉगल डोळ्यांवर ओढला आणि तसेच चिरत राहिले. मावशीचा नवरा इतका वेळ ओटीच्या कोपऱ्यात बसून होता. तो उठला, त्याने त्यांच्या हातातला विळा काढून घेतला आणि त्याच्या जागी विळी दिली. कांदा विळ्याने चिरत नाहीत, एवढंही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्यापुढे मावशीने परात सरकवली. "तू भाकऱ्या थाप."

"मला येत नाहीत."

"लिवता येतंया, तर थापता बी येतील."

उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ घालून तिने उकड मळली, ती अजून चटके देत होती. मी गोळा घेतला, थापला, फिरवला. तो फिरला नाही, माझी बोटंच फिरली. पहिल्या भाकरीला तीन कोपरे आले. दुसरी उचलताना मधोमध फाटली. तिसरी तव्यावर पडली ती घडी होऊनच. चौथी मात्र गोल झाली, फक्त बोटभर जाड. ती नेमकी टीम लीडच्या पानात पडली. त्यांनी एक तुकडा मोडला, गॉगल वर केला, खिशातला छापील कागद काढून खात्री करून घेतली आणि गंभीरपणे म्हणाले, "अंमळ जाड आहे."

सगळी ओटी हसली. मीही हसले, पण कान तापले होते.

"काय म्हनतुया त्यो?" मावशीने विचारलं. कुणीतरी उत्साहाने सांगून टाकलं, की हिने तसं लिहून पाठवलं होतं. "वाच बगू," ती म्हणाली. हात पिठाने भरलेले, म्हणून कागद टीम लीडनी धरला आणि मी सगळा मेल तिच्यासमोर मोठ्याने वाचला. धुराची चव, लसूण, तिचं वाढणं, तिचा आंबा. आणि शेवटी ती अर्धी भाकरी.

ऐकताना तिने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं दुखावली. पण ती हसत होती. "चांगलं लिवलंयस की गं," ती म्हणाली. "पर ती भाकरी तुज्यासाठी नव्हती. दिसभर दगड उचलणाऱ्याला पातळ भाकरी दिली, तर चार वाजता त्येचं पोट बोंबलतं. तू पंक्चर होऊन आलीस न् त्येंच्यातली खाल्लीस."

साडेतीन वाजता आम्ही जेवलो. पिठलं, भात, कांदा आणि माझ्या भाकऱ्या. कुणी पानातून मान वर केली नाही, इतकी भूक लागली होती. निघताना मी मावशीची माफी मागितली. ती म्हणाली, "माप्फी ऱ्हाऊ दे. म्होरच्या टायमाला आदी मला सांग, मग जगाला." शेजारच्या दुकानातल्या फोनचा नंबर तिने दिला. आदल्या दिवशी कळवायचं, दहापेक्षा जास्त माणसं आणायची नाहीत, आणि तीही रोजची माणसं जेवून गेल्यावर, दोन वाजता. हे नियम मी पुढच्या मेलमध्ये जसेच्या तसे लिहिले आणि भाकऱ्या द्यायचं बंद केलं.

नंतर कितीतरी रविवार मी मुठ्याला गेले, पण सकाळी लवकर, स्वयंपाकाच्या वेळी. वही तिने हातात घेऊ दिली नाही. हुलगे मंद आचेवर भाजायचे, एवढंच सांगायची, बाकी बघायचं. ते न ओळखू आलेलं काहीतरी म्हणजे शेवटी वाटीत निखारा घालून ती कालवणात ठेवायची, आणि निखाऱ्यावर सोडलेल्या तेलाच्या धारेचा तो वास. पाचव्या-सहाव्या खेपेला माझी भाकरी फुगली. मावशीने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि ती एका वॉचमनच्या ताटात वाढली. त्याने खाल्ली, दुसरी मागितली, त्याला काही वेगळं जाणवलं नाही. पाचपैकी पाच मिळाल्यावर कसं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

एका शनिवारी काकू जिन्याशी येऊन उभ्या राहिल्या. "उद्या जाणार का तिकडं?"

"हो."

"मला न्हेतीस?"

काकूंचं सगळं आयुष्य नेऱ्यात गेलं होतं. लग्नकार्य सोडलं, तर घराबाहेर, आपण न शिजवलेलं जेवण त्यांनी कधी घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून त्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि खिंडीत माझा खांदा इतका गच्च धरला, की दोन दिवस दुखत होता.

मावशीने त्यांना पाट दिला, ताट वाढलं. काकू बसल्या, पण एका पायावर जोर देऊन, कधीही उठायच्या तयारीत. कालवण संपलं तशा त्या स्वतःच भांड्याकडे हात नेऊ लागल्या. मावशीने तो हात धरून खाली ठेवला. "बसा हो. आज तुमी पाव्हणं."

मग त्या हळूहळू टेकल्या. दुसरी भाकरी घेतली, तिसरी घेतली. हुलगे भाजावेत की नाही यावरून मावशीशी थोडा वाद घातला, आमच्याकडे भाजत न्हाईत म्हणाल्या, आणि चौथी भाकरी घेतली. जेवण झाल्यावर ताट धुवायला घेऊन निघाल्या, तेव्हा ते मावशीने काढून घेतलं.

परतताना घोटावड्यापर्यंत त्या माझा खांदा धरून बसल्या. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "कुणी वाढाया असलं की दोन घास जास्तीच जातात गं."