डावरीच्या रेघा

तिला डावरी म्हणायला सुरुवात केली तिच्या आईनेच, आणि तीही कौतुकाने नव्हे. पोर चमचा डाव्या हाताने धरते म्हणून आईने तो हात खुर्चीला बांधून ठेवला होता. पोरीने काय केलं? उजव्या हाताने निम्मं जेवण जमिनीवर सांडलं. असं चार दिवस. पाचव्या दिवशी आईने कपाळावर हात मारला आणि गाठ सोडली. तेव्हापासून या बाईने कुणाच्या बापाचं ऐकलेलं नाही.

लग्न झालं ते टाइल बसवणाऱ्या मिस्त्रीशी. नवरा उकिडवा बसून टाइल लावायचा आणि ही वाळू चाळायची, सिमेंटचा माल कालवायची, घमेली भरभरून द्यायची. चौदा वर्षं! चौदा वर्षांत तिला कुणी नाव विचारलं नाही. ‘मिस्त्रीची बायको, पाणी घाल,’ ‘मिस्त्रीची बायको, बाजूला हो.’ ती बाजूला व्हायची, पण डोळे नवऱ्याच्या हातावरून हलायचे नाहीत.

मग एका घरी स्वयंपाकघराची फरशी अर्धी झालेली असताना मिस्त्रीचे गुडघे गेले. बसला तो उठेचना. दोन माणसांनी उचलून बाहेर नेला. घरमालकीण दारात उभी राहून हाय हाय करायला लागली, आता माझी फरशी कोण पुरी करणार? डावरीने थापी उचलली आणि नवऱ्याच्या जागेवर बसली. मालकीण म्हणाली, “अगं बाई, तू?” डावरी म्हणाली, “दुसरं कुणी दिसतंय का तुम्हाला इथे?” त्या फरशीवर आजही लेव्हल लावून बघा, बुडबुडा मधून हलायचा नाही.

तिचं काम सावकाश. भिंतीची टाइल ती रात्रभर पाण्यात ठेवायची. कोरडी टाइल पाण्यात टाकली की तिच्यातून बुडबुडे येतात, आणि ते थांबेपर्यंत तिला हात लावायचा नाही हा मिस्त्रीने शिकवलेला पहिला धडा. तहानलेली टाइल सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते. वरून धरल्यासारखी दिसते, पण काही महिन्यांनी सुटते. दुसरा धडा, टाइलची पाठ पूर्ण भरायची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग भरलेल्या मालावर करवतीच्या तुटक्या पात्याने तिरक्या रेघा ओढायच्या, म्हणजे दाबल्यावर आत हवा कोंडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराने एकेक टाइल वाजवायची. भरीव वाजली की पुढची. लोक हसायचे, म्हणायचे, “डावरी, आत कुणी राहतं का गं?”

तिचा दीरही टाइलचंच काम करायचा. हात भराभर चालणारा गडी, तोंड त्याहून भराभर चालणारं. टाइलच्या पाठीला मालाचे पाच गोळे लावायचे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, की बसव भिंतीवर आणि दे एक थाप! दोन दिवसांची भिंत अर्ध्या दिवसात उभी. ठेकेदाराचा तो अगदी गळ्यातला ताईत. “वहिनी,” तो म्हणायचा, “तुम्ही टाइल लावता की तिला न्हाऊमाखू घालता?”

आता मूळ गोष्टीकडे येऊ. गावातल्या प्रसूतिगृहाचं न्हाणीघर याच ठेकेदाराकडे होतं. तीन भिंती डावरीने जवळजवळ पुऱ्या केल्या. चौथी, बेसिनची, लावायला दोन दिवस लागतील म्हणाली, तर ठेकेदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने दिराला आणून उभं केलं. दिराने दुपारी सुरुवात केली आणि उजेड असतानाच हात धुतले. त्यानंतर आठ महिने सगळं ठीक होतं. प्रसूतिगृहाची नवी इमारत उठली, तिच्यात चार न्हाणीघरं, आणि ठेकेदाराने कधी नव्हे ते तोंड उघडून सांगितलं होतं की ही चारही डावरी करेल. मिस्त्री म्हणून. तिच्या हाताखाली माणसं. घरी ती बातमी सांगताना तिला दोनदा पाणी प्यावं लागलं.

आणि एका सकाळी बेसिनच्या भिंतीवरची टाइल निखळून खाली आली. बेसिनपाशी कालच बाळंत झालेली एक पोरगी तान्ह्याला घेऊन उभी होती. टाइल वीतभर अंतरावर फुटली. बाळाला काही झालं नाही, पोरगी मात्र त्याला छातीशी धरून खाली बसली. डॉक्टरबाईंनी ठेकेदाराला उभ्या उभ्या बोलावून घेतलं, आणि ठेकेदाराने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, “बाथरूम बाईने लावलंय. माझीच चूक, बाईच्या हातात दिलं.”

दीर शेजारीच उभा होता. त्याने मूग गिळले.

संध्याकाळी तो घरी आला तो मात्र दयेचा पुतळा होऊन. भावाच्या खाटेवर बसला आणि म्हणाला, “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. नवी इमारत आता माझ्याकडे आली. तुम्ही या माझ्याकडे माल कालवायला. घरचंच माणूस बरं.”

मिस्त्री भिंतीकडे बघत राहिला. डावरीला इतका राग आला की हातातलं घासलेलं भांडं ती पुन्हा घासायला लागली. चौदा वर्षं माल कालवला तो नवऱ्याचा होता. आता या पाच गोळेवाल्याचा कालवायचा? तिने भांडं खाली ठेवलं. “भाऊजी, उद्या सकाळी प्रसूतिगृहात या. ठेकेदारालाही आणा. नाही आलात तर मी दवाखान्याच्या दारात उभी राहून बोलेन, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.”

आले. न येऊन सांगतात कुणाला! डॉक्टरबाई हाताची घडी घालून न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या, चेहरा असा की दूध नासावं. “दहा मिनिटं देते,” त्या म्हणाल्या. “माझे पेशंट आहेत.”

“पडलेली टाइल कुठे आहे?” डावरीने विचारलं.

“कचऱ्यात गेली असेल,” ठेकेदार घाईघाईने म्हणाला.

“नाही गेली,” मागून आवाज आला. ती न्हाणीघर धुणारी मावशी होती. डावरीची आणि तिची ओळख जुनी. मावशी आधी फरशीवर ॲसिड ओतायची. डावरीने एकदा तिचा हातच धरला होता, “मावशी, हे फरशीचे सांधे खातं. साध्या साबणाचं पाणी घ्या आणि कुंचल्याने घासा.” मावशीने रागारागाने ऐकलं, पण ऐकलं. आज तिने बेसिनखालच्या बादलीतून फडक्यात बांधलेले टाइलचे तुकडे काढले. “मला वाटलंच होतं, कुणीतरी विचारणार,” ती म्हणाली.

डावरीने तुकडे जमिनीवर जुळवले आणि पालथे घातले. पाठीवर मालाचे पाच गोळे, मधली सगळी जागा कोरी. “हे माझं काम नाही,” ती म्हणाली. “मी पाठ पूर्ण भरते आणि रेघा ओढते. खात्री करायची तर माझ्या भिंतीतली कुठलीही टाइल काढा. तुम्हीच दाखवा कुठली.”

डॉक्टरबाईंनी दाराजवळची एक दाखवली. ती निघता निघेना. छिन्नीखाली तुकड्यातुकड्याने आली, प्रत्येक तुकड्याला माल चिकटलेला, आणि मालात तिरक्या रेघा.

दीर मोठ्याने हसला. “रेघा काय, मीही ओढतो! ती पडलेली टाइल घाईत राहिली असेल वहिनींची.”

“ओढता?” डावरीने घमेल्यात आणलेला मूठभर ओला माल जमिनीवर पसरला आणि करवतीचं पातं त्याच्या हातात दिलं. “ओढा बघू.”

त्याने ओढल्या. झटक्यात चार रेघा, उजव्या हाताने, आणि त्या सगळ्या उजवीकडे झुकल्या. डावरीने शेजारी तिचा तुकडा ठेवला. तिच्या रेघा डावीकडे झुकलेल्या होत्या. “टाइल उलटी धरा की सुलटी, रेघ झुकायची त्याच बाजूला झुकते,” ती म्हणाली. “या हातासाठी मी लहानपणी बांधून घेतलंय. आता त्याची साक्ष काढते.” मग ती बेसिनच्या भिंतीपाशी गेली आणि पेराने वाजवत सुटली. पोकळ. पोकळ. पोकळ. मावशीसुद्धा तोंडावर हात ठेवून ऐकत होती. डॉक्टरबाईंनी ठेकेदाराकडे नुसतं पाहिलं, आणि ठेकेदाराला एकाएकी स्वतःचे बूट बघावेसे वाटले.

“ही भिंत कुणाची?” त्यांनी विचारलं.

“माझी,” दीर पुटपुटला.

झालं की! इथेच थांबली असती तर तिला कुणी काही विचारलं नसतं. नाव धुऊन निघालं होतं, नवी इमारत परत येणार हे ठेकेदाराच्या तोंडावर लिहिलेलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “बरं, तुमच्या भिंती पक्क्या आहेत,” आणि निघायला वळल्या.

पण डावरी हललीच नाही. बेसिनकडे जाताना तिचा हात सवयीने खिडकीखालच्या ओळीवरून गेला होता. तिथे काहीतरी पोकळ वाजलं होतं. कुणाला ऐकू आलं नव्हतं, तिला आलं होतं. आणि कारणही तिला लगेच आठवलं, त्यासाठी छिन्नी लागली नाही. ज्या दुपारी दीर बेसिनची भिंत लावत होता, त्या दुपारी तीही खिडकीखालची शेवटची ओळ लावत होती. तो मागून शीळ घालत होता. भिजवलेल्या टाइल संपल्या. उद्यावर ठेवायला हवं होतं. पण हा आपल्याआधी हात धुऊन जाणार, हे तिला सहन होईना. तिने खोक्यातल्या कोरड्या टाइल काढल्या, त्यांच्यावर ओंजळभर पाणी मारलं आणि बसवल्या. दुसऱ्या दिवशी वाजवल्या तेव्हा भरीव वाजल्या. तिने मनाला सांगितलं, ठीक आहे. मन काय, लगेच ऐकतं.

खिडकीखाली एक बाकडं होतं. बाळंतिणी तिथे बसतात.

“थांबा,” ती म्हणाली. “अजून संपलं नाही.” ती गुडघ्यावर बसली आणि ती ओळ एकेक करून वाजवली. “या अकरा टाइल कच्च्या आहेत. रेघा आहेत, पाठ भरलेली आहे, पण कोरड्या बसवल्यात. माझ्या आहेत.”

मग दिराच्या जिवात जीव आला. “बघा! बघा डॉक्टरबाई! म्हणजे आम्ही दोघं सारखेच!”

डावरी उठली. तिचे कान लाल झाले होते, लाजेने आणि रागानेही. “सारखे कसे, भाऊजी? तुम्ही काल मूग गिळून उभे होता. मी आज बोलतेय.” मग डॉक्टरबाईंकडे वळून म्हणाली, “मी चुकले. यांच्याशी शर्यत लावायला गेले. पण माझी चूक मीच फोडणार आणि मीच पुन्हा लावणार. आत्ता टाइल भिजत घालते, उद्या सकाळी येते. नव्या इमारतीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण या अकरा टाइलना दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालणार नाही.”

ठेकेदार म्हणाला, “बाई, तुम्हाला इथे परत यायला कुणी सांगितलंय?”

“मी सांगितलंय,” डावरी म्हणाली, आणि मावशीकडे टब मागितला.

घरी मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. गुडघे चोळत म्हणाला, “कुणाला ऐकू आलं नव्हतं ना? मग बोललीस कशाला? हातातलं काम घालवलंस.” ती म्हणाली, “तुम्हीच शिकवलंत ना वाजवायला? मग वाजल्यावर काय करायचं तेही तुम्हीच सांगा.” मिस्त्रीने गुडघे चोळायचे थांबवले. नंतर म्हणाला, “अकराच आहेत का, नीट बघितलंस ना?”

सकाळी दरवानाने अडवलं. ठेकेदाराचा निरोप होता. डावरी छिन्नी-हातोडा मांडीवर घेऊन फाटकासमोर बसली. अर्ध्या तासाने मावशी येऊन म्हणाली, डॉक्टरबाई बोलावतायत. डावरीने अकराही फोडल्या, मागची भिंत खरवडली, ओली केली, भिजलेल्या टाइल लावल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई ठेकेदाराला आणि दिराला घेऊन आल्या, आपलं बोट दुमडलं आणि वाजवायला लागल्या. पहिल्यांदा चुकीच्या जागी वाजवलं, डावरीने दाखवलं, मग अकराही नीट वाजवल्या. सरळ उभ्या राहून त्या ठेकेदाराला म्हणाल्या, “बेसिनची भिंत पाडा. ही बाई लावेल. नवी इमारतसुद्धा. कधीच चूक केली नाही असं माणूस मला मिळणार नाही. चूक दाखवणारं एक मिळालंय, ते मी सोडत नाही.”

“आणि यांचं काय करू?” ठेकेदाराने दिराकडे बोट दाखवलं. “भिंत यांनी बिघडवली, त्यांना असं कसं सोडू?”

“मला एक माणूस लागेल,” डावरी म्हणाली. तिने ओठ घट्ट मिटले होते, पण डोळे हसत होते. “भाऊजी, येता का? घरचंच माणूस बरं.”

दिराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोन दिवस तो फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, सदरा काढून खुंटीला लावला, कुणाकडे न बघता वाळू चाळली आणि माल कालवायला घेतला. डावरी टबाजवळ बसून बुडबुडे थांबायची वाट बघत होती. तिने मान वळवून घमेल्यात पाहिलं.

“पाणी फार झालं, भाऊजी,” ती म्हणाली. “पुन्हा कालवा.”