कपारीची सवय

पस्तिशी उलटल्यावर बाईमाणसानं धरणाच्या पाण्यात उतरू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी उतरूनच बनवलंय. भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती. लातूर काय नि नांदेड काय, गल्लोगल्ली कोचिंग क्लासचं पीक आलं होतं. नांदेडच्या अशाच एका क्लासमध्ये मी गणित शिकवत होते. पहिली बॅच पहाटे साडेपाचला, शेवटची संध्याकाळी आठला. मधले दुपारचे दोन-तीन तास मोकळे असायचे, ते मी झोपून काढायची. खडूनं घसा आणि उभं राहून पाय, दोन्ही कामातून गेले होते.

क्लासच्या मागं एक निवृत्त मास्तर मुलींचं छोटं वसतिगृह चालवायचे. औसा तालुक्यातल्या, भूकंपात घरदार गेलेल्या बारा मुली तिथं राहून शिकत. त्यांतली एक अकरावीतली पोर माझ्या बॅचला यायची. हुशार, पण तोंडानं फटकळ. गणित सुटलं नाही तर उत्तराच्या जागी 'येत नाही' असं स्वच्छ लिहायची. मास्तर आता थकले होते, बाहेरची मदत आटली होती, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वसतिगृह बंद करायचं ठरलं होतं. बंद म्हणजे बाराही जणी गावी परत, आणि वर्षाच्या आत बोहल्यावर.

आमचे क्लासचे मालक डोक्यानं तेज. सगळे त्यांना सरच म्हणत. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत मी कशी सूर मारायची, याची फुशारकी मी एकदा चहाच्या वेळी मारली होती. सरांनी ती बरोबर ध्यानात ठेवली. मॅडमनी विष्णुपुरी धरणाच्या पाण्यात आठ किलोमीटर पोहून दाखवायचं, पेपरात फोटो येईल, चौकात बॅनर लागेल, आणि क्लास ते वसतिगृह दत्तक घेईल, अशी त्यांची योजना. अट एकच. मध्ये कुठं थांबायचं नाही, होडीला हात लावायचा नाही. मी हो म्हणून बसले. आपली जीभच आपल्याला गोत्यात आणते.

तीन महिने दुपारची झोप गेली. जुन्या पंजाबी ड्रेसच्या बाह्या कापून मी पाण्यात उतरायची आणि सोबतीला एक म्हातारा भोई होडी वल्हवायचा. पहिल्या दिवशी मी जीव तोडून हात मारले आणि मान वर केली तर निघाले त्याच काठाशी परत. म्हातारा हसला नाही. म्हणाला, "बाई, तुमी इहिरीत शिकलेल्या दिसता. गोल गोल फिरून राहिल्या."

खरंच होतं ते. पाठीला वाळला भोपळा बांधून वडिलांनी मला विहिरीत सोडलं होतं. विहिरीत माणूस भिंतीच्या कडेकडेनं पोहतो आणि दमला की दगडाची कपार धरतो. माझी डावी बाजू भिंत शोधायची. शेवटी म्हाताऱ्यानं होडी माझ्या डाव्या हाताला ठेवली, तेव्हा कुठं मी सरळ जायला लागले. खांदे मात्र गेले. फळ्याच्या वरच्या भागापर्यंत हात पोचेना, म्हणून मी खालच्या अर्ध्या फळ्यावरच शिकवायची. सासूबाई खांद्यांना तेल चोळायच्या आणि हे कुणी सांगितलं होतं म्हणून रोज विचारायच्या.

नेमल्या दिवशी सरांनी साक्षीदार म्हणून त्या अकरावीतल्या पोरीलाच होडीत बसवलं. फोटोत भूकंपातली मुलगी हवी होती. काठीच्या टोकाला प्लास्टिकचा मग बांधून ती मला ग्लुकोजचं पाणी पाजत होती. सकाळी निघालेली मी. ऊन चढलं तेव्हा पलीकडच्या काठावरचा ताशा ऐकू यायला लागला. दोन-तीनशे हात राहिले असतील. आणि तिथं माझे हात त्यांच्या मनानं उठले आणि त्यांनी होडीची कड धरली. दमल्यावर कपार धरायची सवय, दुसरं काही नाही. तीन-चार श्वास मी तशीच लोंबकळत होते.

"मी काय बघितलं न्हाई," म्हातारा दुसरीकडं तोंड करून म्हणाला. "चला."

मी काठाला लागले. हार पडले, फोटो निघाले. मग सरांनी, आपलं विचारायचं म्हणून, पोरीला विचारलं की मॅडमनी कुठं होडीला हात तर लावला नाही ना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पायाला लागलेला चिखल बघत होते.

"लावला, सर," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी."

सर चिडले नाहीत. बॅनरची गुंडाळी करायला सांगून मला बाजूला घेऊन म्हणाले की एका मार्कानं गेलेला गेलाच, तुम्हीच सांगता ना मॅडम पोरांना. सांगायची मी, रोज. राग आला तो त्यांचा नाही, त्या पोरीचा. बारा जणींचं भविष्य तिनं एका शब्दात बुडवलं असं मला वाटलं, आणि पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

मग एकदा तेल चोळता चोळता सासूबाई म्हणाल्या, "माडीवरची खोली रिकामीच हाय की. एवढं पाणी कापत बसण्यापरीस त्या पोरीला घरी आणायचं व्हतं." तीन महिन्यांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर मुली ट्रंका बांधत होत्या. मी तिला म्हटलं, चल माझ्याकडं, बारावी होईपर्यंत राहा. तिनं एका ओढणीची घडी केली, मग दुसरीची.

"त्या दिवशी मी तुमच्याकडं बघितलं व्हतं, मॅडम," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमीच सांगाल. तुमी खाली बघून राहिल्या, म्हून मला सांगावं लागलं. आता ह्या अकराजणींना धाडून मी एकटी कशी येऊ?"

मी तिच्या ट्रंकेची कडी लावून दिली. औशाच्या गाडीत बाराही जणी चढल्या. चारची बॅच होती, म्हणून गाडी सुटेपर्यंत मी थांबले नाही.