मापापुरता माणूस

पट्टीकाकांइतका स्तब्ध उभा राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. उभे राहिले की राहिले. नाकावर माशी बसली तरी हात हलायचा नाही. नजर कॅमेऱ्याकडे कधीच नसे. उशिरा येणाऱ्या एसटीची वाट पाहावी तसे ते कुठेतरी डावीकडे पाहत राहायचे. त्यांचे दोनेकशे फोटो तरी माझ्या हाताखालून गेले असतील, पण एकातही ते हसलेले नाहीत. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, "माप हासत नसते, ड्रॉइंगबाई."

ड्रॉइंगबाई म्हणजे मी. सत्तर सालच्या आसपास नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागले आणि त्याच शाळेतल्या भूगोलाच्या बाईंच्या घरी, प्रतापनगरात, वरची खोली भाड्याने घेतली. काका हे बाईंचे यजमान. काटोलकडच्या शेतकरी घरातले, सरकारी मोजणी खात्यात नोकरीला. उमेदवारीची पहिली काही वर्षं त्यांनी बांधाबांधावर झेंडी धरून उभं राहण्यात काढली होती. लांबून दुर्बिणीतून साहेब पाहणार, आणि हे हलायचं नाही म्हणून उन्हात उभे. तीच विद्या पुढे बाईंच्या कामी आली.

बाईंचं दुःख पाठ्यपुस्तकाचं होतं. त्या काळच्या पुस्तकातली छायाचित्रं आठवत असतील तर मी काय म्हणते ते कळेल. 'हिमनदी' असं खाली लिहिलेल्या चौकोनात एक काळा डाग होता. 'समुद्रकडा' लिहिलेल्या चौकोनातही काळाच डाग होता, तो जरा उभा होता एवढंच. एका सहामाहीत सातवीच्या एका मुलीने उत्तरात सरळ लिहिलं, 'हिमनदी काळ्या रंगाची असते.' बाईंनी तिचा गुण कापला नाही. पेपर घेऊन घरी आल्या आणि काकांना म्हणाल्या, "आपण जाऊन फोटो काढून आणायचे." काकांनी विचारलं, "कुठी?" बाई म्हणाल्या, "स्वित्झर्लंडला." काका म्हणाले, "बरं." रामटेकला जाऊ म्हटल्यावरही ते इतकंच म्हणाले असते.

हे अगदीच हवेतलं नव्हतं. बाईंचा धाकटा भाऊ जर्मनीत एका कारखान्यात इंजिनियर होता. त्याने एक कॅमेरा दिला होता, आणि या तुम्ही, पुढचं मी बघतो, असं दर पत्रात लिहायचा. छत्तीस चित्रांचे दोन रंगीत रोलही त्याने कबूल केले होते. म्हणजे बहात्तर फोटो. बाईंनी दोनशेपानी वही आणली, बहात्तर आकडे टाकले, आणि पुढची सहा वर्षं ती वही भरत राहिल्या. प्रत्येक आकड्यापुढे धडा, ठिकाण, ऊन किती वाजता कुठल्या बाजूने येतं, आणि शेवटी 'यजमान' असा रकाना. त्यात लिहिलेलं असे, 'उजवीकडे, साठ पावलं.' भावाला प्रश्न विचारला की उत्तर यायला तीन आठवडे लागत. अमक्या दरीत सकाळी सावली कुठवर असते, हे विचारून विचारून त्या बिचाऱ्याला बाईंनी रविवारी डोंगरात पिटाळलं होतं. भावाने हौसेने पॅरिसचा मनोराही सुचवला. बाईंनी कळवलं, 'तो धड्यात नाही.'

यजमानांचा रकाना कशाला, तर बाईंचा एक नियम होता. फोटोत ओळखीच्या मापाचं काही नसेल तर डोंगर कोणता आणि उकिरडा कोणता हे सांगता येत नाही. काका होते बरोब्बर पाच फूट चार इंच. दाराच्या चौकटीवर तशी खूणच होती. अंबाझरीचं धरण, रामटेकचा डोंगर, कुठलाही फोटो वर्गात लावला की त्यात लांबवर काका. मुली पट्टी घेऊन आधी काकांना मोजायच्या, मग त्या हिशेबाने धरणाची भिंत. म्हणून ते पट्टीकाका. हे नाव त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

मला मात्र ते फोटो बघवत नसत. मी नुकतीच कलाशाळेतून शिकून आलेली, डोक्यात रचना आणि तोल यांचं भारी खूळ. मी काकांना ऐकवलं, "तुम्ही असे मधोमध उभे राहता ना, त्यानं सगळं चित्र बिघडतं." ते शांतपणे म्हणाले, "तुमचं ते चित्र असते, ड्रॉइंगबाई. बाईचं हे माप आहे." बायकोला तेही बाईच म्हणायचे. घरात दोन बायांना हाका मारताना त्यांची कधी गफलत झाली नाही.

दर रविवारी परदेशाची तालीम चाले. सक्करदऱ्याचा तलाव म्हणजे हिमनदीने केलेलं सरोवर, अंबाझरीची भिंत म्हणजे समुद्रकडा. बर्फात पांढरा शर्ट दिसणार नाही म्हणून बाईंनी काकांसाठी लाल स्वेटर विणला होता, आणि तालीम म्हणजे तालीम, म्हणून भर एप्रिलमध्येही तो अंगात घालायचा. एकदा तलावाकाठी एक सायकलवाला थांबला. "काहून काका, थंडी वाजून राहिली का?" काकांनी मान न हलवता उत्तर दिलं, "बर्फ पडून राहिला ना बाप्पा."

पण नागपुरात पांढऱ्याची तालीम कशावर करणार? हा प्रश्न काकांनी सोडवला. त्यांच्या गावाजवळच्या जिनिंगच्या कारखान्यात हिवाळ्यात कापसाच्या घराएवढ्या गंज्या लागायच्या. मालक ओळखीचा. आम्ही तिघं गेलो. काका लाल स्वेटर घालून गंजीसमोर उभे राहिले, आणि कापूस वेचून आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. फोटो धुऊन आले तेव्हा कापूस राखेसारखा आणि काकांचं तोंड कोळशासारखं. सीताबर्डीच्या स्टुडिओवाल्याने सांगितलं, "पांढरं फसवते, बाई. उजेड जास्त द्या लागते." बाई हिरमुसल्या होत्या. काका फोटो हातात धरून म्हणाले, "मायं तोंड काळं आलं तरी चालते. फोटो काय माया आहे? कापसाचा आहे." पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. त्या वेळी कापूस पांढरा आला. तोंड काळंच राहिलं, पण त्याची चौकशी कोणी केली नाही. मीही केली नाही, हे आता खटकतं.

आणि मग, पासपोर्ट हातात आले त्याच हिवाळ्यात, काकांच्या छातीत दुखलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात तीन आठवडे होते. डॉक्टरांनी बजावलं, चढायचं नाही, धावपळ नाही, थंडीत तर मुळीच नाही. घरी आल्याच्या दिवशी बाईंनी ती वही ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवली आणि कुलूप घातलं. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आता नाही तर कधीच नाही, हे तिघांनाही कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

बोलले शेवटी काकाच. मी पेज घेऊन खाली गेले होते. ते खाटेवर बसले होते, बाई तांदूळ निवडत होत्या.

"वही काढ वं," काका म्हणाले.

"नाही जायचं आपल्याला."

"काहून?"

"काहून म्हणून काय विचारता? डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलं ना?"

"ऐकलं. मंग तू एकटी जा. भाऊ आहे तुहा तिकडं."

बाईंनी सूप खाली ठेवलं. "एकटी जाऊन काय करू? तिथं मापाला कोणाला उभं करू? तिथल्या माणसांची उंची मला माहीत आहे का?"

मला हसू आलं. तुमच्याशिवाय मी जाणार नाही, हे वाक्य त्या घरात असं मापाच्या शब्दांत बोललं जायचं.

काकांनी पाय खाटेखाली सोडले. मग म्हणाले, "म्हणजे मले यावंच लागन. अन् तुले त्या पोरींले डागच दाखवून रिटायर होऊ देऊ का मी?"

दुसऱ्या दिवसापासून ते चालायला लागले. अंगणात दहा पावलं, मग वीस. डॉक्टरांशी त्यांनी शेताच्या बांधावर करावी तशी घासाघीस केली. शेवटी ठरलं ते असं, सपाटीवर शंभर पावलं चालायची, मग बसायचं, पुरता दम येईपर्यंत उठायचं नाही. पावलं मोजणं हा तर त्यांचा धंदाच. चार महिने रोज सकाळी प्रतापनगरच्या मैदानावर लाल स्वेटरातला हा माणूस शंभर पावलं चालून मातीत बसलेला दिसायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते दोघं गेले. बाईंच्या पिशवीत वही होती आणि काकांच्या खिशात गोळ्या.

तिथे काय झालं ते मला बाईंनी सांगितलं. एकाहत्तर फोटो वहीतल्याप्रमाणे झाले. हिमनदी त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. त्या आकड्यापुढे 'यजमान' रकान्यात लिहिलं होतं, 'समोर, दोनशे पावलं.' जागा सपाट होती, पण वारा बोचरा. बाईंनी तिथेच ठरवलं की पन्नास पावलं पुरे. काका म्हणाले, "इथी उभा राह्यलो तर मी मोठा दिसन अन् बर्फ लहान. पोरी चुकीचं मोजतीन." आणि निघाले. शंभर पावलांवर एका दगडावर बसले. बाईंना वाटलं, संपलं सगळं. भाऊ धावायला निघाला तर काकांनी लांबूनच हात दाखवला, थांब. ते नुसते डॉक्टरांचा शब्द पाळत होते. दम आल्यावर उठले, आणखी शंभर पावलं गेले, वळले आणि उभे राहिले. नेहमीसारखे, डावीकडे पाहत. बाई म्हणाल्या, "माझे हात इतके कापत होते. तिकडे तो माणूस मात्र हलत नव्हता." फोटो काढला आणि त्या कॅमेरा भावाच्या हातात टाकून काकांकडे गेल्या. परत येताना दोघं मिळून दगडावर बसले.

शाळा उघडल्यावर खिडक्यांना चादरी लावून सातवीच्या वर्गात ती चित्रं प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवली. निळसर पांढरा बर्फाचा कडा भिंतभर पसरला, आणि खाली लाल ठिपका. एक मुलगी पट्टी घेऊन भिंतीकडे धावली. मोजून मोजून तिने सांगितलं, इतके काका एकावर एक उभे केले तर वरपर्यंत पोचतील, आणि तो आकडा ऐकून वर्गात एकच कल्ला झाला. काका मागच्या बाकावर, मुलींच्या मापाच्या बाकात गुडघे दुमडून बसले होते. मी मागे वळून पाहिलं. काका हसत होते. तेव्हा कोणाच्या हातात कॅमेरा नव्हता.

बाई निवृत्त झाल्या, मी लग्न होऊन धंतोलीत राहायला गेले. त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात, दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले ते काका उठलेच नाहीत. मी गेले तेव्हा पाहुण्यांनी घर भरलं होतं आणि दिवसांसाठी फोटो शोधणं चाललं होतं. दोनशे फोटो आणि एकात चेहरा नाही. लग्नात फोटो काढलाच नव्हता. स्टुडिओवाल्याने एकदोन मोठे करून पाहिले, तर चेहऱ्याच्या जागी नुसते दाणे. म्हणाला, "यात माणूस आहे, बाई, पण तोंड नाही." उरला पासपोर्टचा. त्यात काका समोर बघत होते, घाबरल्यासारखे, आयुष्यात पहिल्यांदाच. सगळे म्हणाले, हाच मोठा करा. बाईंनी तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हे कोण आहेत मला माहीत नाही."

मग त्यांनी हिमनदीचा फोटो मोठा करून आणला. अख्खा, काही न कापता. तेरवीला पाटावर तोच होता. हार घातला तर काका फुलांखाली झाकले जायचे, म्हणून हार बाजूला ठेवला. लोक नमस्कार करायचे आणि कशाला केला ते न कळून एकमेकांकडे बघायचे. मी कोपऱ्यात बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की ते उभे आहेत तीच जागा बरोबर आहे. इंचभर इकडे नको, तिकडे नको.

गावाहून काकांची थोरली बहीण आली होती. सत्तरीची, डोळ्यांनी अधू. तिने फोटोपुढे बसून विचारलं, "माहा भाऊ कुठी आहे वं यात?"

बाईंनी तिचा हात धरून बोट त्या लाल ठिपक्यावर टेकवलं. म्हातारी वाकली, डोळे बारीक करून भावाला पाहत राहिली. मग मागे सरकली आणि तिची नजर तिथून वर वर चढत गेली, पार फोटोच्या वरच्या कडेपर्यंत.

"बाप्पा वं!" ती म्हणाली. "केवढं मोठं आहे हे!"

"समजलं ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं. "समजलं ना?" आणि त्या तेरा दिवसांत पहिल्यांदा, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून, त्या रडल्या.