मालिकेतले हात

१४ डिसेंबर १९९७, रविवार. सकाळचे सहा. मोड आलेले तीन किलो वाल कोमट पाण्यात पडले होते आणि ते सोलायला आम्ही तिघी पडवीत बसलो होतो. मी, माझ्या सासूबाई आणि आत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. दुपारी मुंबईहून चाळीस माणसांची बस जेवायला येणार होती. बिरडं, भात, तांदळाच्या भाकऱ्या आणि केळफुलाची भाजी असा बेत ठरला होता. गोड म्हणून राजेळी केळी. ती वाडीतलीच, त्यामुळे तो प्रश्न मिटला होता.

ही माणसं आमचं घर बघायला येणार नव्हती, आमची विहीर बघायला येणार होती. आदल्या वर्षी टीव्हीवर पेशवाईतली एक मालिका चालली होती. तिचं बरंच चित्रीकरण वसईत झालं. दरबार किल्ल्यात, गलबतं अर्नाळ्याला आणि नायिकेचं माहेर वसईच्या होळी भागातल्या आमच्या वाडीत. मालिका संपली तरी लोकांचं वेड संपेना. तेव्हा एका विमा एजंटाने रविवारच्या सहली काढायला सुरुवात केली. बस, चहा, जेवण आणि त्याचं बोलणं, सगळं त्यात आलं.

त्याच्या बोलण्याची मला थोडी काळजी होती. आठवड्यापूर्वी फोनवर तो म्हणाला होता, "ताई, तुमच्याकडचा वेणीचा प्रसंग म्हणजे आपला हुकमी. नायिका पंधरा दिवस तुमच्याकडे राहिली, स्वतः वेणी गुंफायला शिकली, असं मी सांगतो."

"ती दोन तास होती," मी म्हटलं. "त्यातला दीड तास डास चावतात म्हणून गाडीत."

"ताई, ते लोकांना नको असतं."

खरी गोष्ट मला आणि आत्याला, आम्हा दोघींनाच माहीत होती. चित्रीकरण झालं ते दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत. नायिका विहिरीच्या कट्ट्यावर बसून वेणी गुंफते आहे, असा प्रसंग होता. तिच्या लांब नखांत केळीच्या सोपटाचा, म्हणजे बुंध्याच्या सालीचा दोरा अडकायला लागला. पाचदा तुटला. मग दिग्दर्शक म्हणाला, नुसते हात दुसऱ्या कुणाचे तरी घेऊ, कोण आहे घरात? आधी मलाच बसवलं. माझ्या गाठी सैल पडतात, फुलं गळतात. मी आत्याला पुढे केलं.

आत्या सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. तेव्हापासून आमच्या वाडीतली फुलं तिच्या हातून बाजारात जात होती. कागडा, अबोली, शेवंती, जे असेल ते. डावखुरी आहे, पण तिच्याइतक्या घट्ट आणि सरळ वेण्या आमच्या आळीत कुणाच्या होत नाहीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आळीतल्या बायका हळदीकुंकवासाठी तिच्याकडूनच वेण्या करून नेत. हळदीकुंकवाला बोलावणं मात्र मला आणि सासूबाईंना.

कपडेपटातल्या मुलीने हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या. नायिका सवाष्ण, तेव्हा बांगड्या हव्यातच. आत्याने माझ्याकडे बघितलं. सासूबाई तेव्हा विरारला होत्या, माझ्या नणंदेच्या बाळंतपणासाठी. आत्या म्हणाली, "तोंड थोडंच दिसणार आहे?" आणि हात पुढे केला. त्या मुलीने साबण लावून सगळ्या मिळून तेरा बांगड्या चढवल्या.

काम तासाभरात झालं. बांगड्या काही निघेनात. मुलगी म्हणाली, "आजी, फोडून टाका ना, आमच्याकडे डझनाने आहेत."

आत्याने हात मागे घेतला. "फोडायच्या नाहीत," एवढंच म्हणाली. का, ते त्या मुलीला कळलं नाही. मला कळलं. ती मंडळी गेल्यावर मी खोबरेल तेल घेऊन बसले आणि एकेक करून सगळ्या काढल्या. एकही फुटली नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा माझ्या कपाटात ठेवला.

पुढे तो भाग टीव्हीवर लागला. सगळं घर समोर बसलेलं. दहा सेकंद नुसते हात दिसले असतील. सासूबाई म्हणाल्या, "बघा वन्सं, त्या पोरीचे हात कसे चालतात. नाहीतर तुम्ही. जन्मभर गुंफताय, पण अशी वेणी काही तुमची दिसत नाही." (आमच्या घरातली बोली वेगळी आहे. ती वाचणाऱ्याला अडेल म्हणून साध्या मराठीत लिहिते आहे.)

आत्या म्हणाली, "बांगड्यांमुळे तशी दिसते, वहिनी."

त्यानंतर वर्षभर घरात वेणीचा विषय निघाला, की सासूबाई त्या पोरीच्या हातांचं कौतुक करायच्या. आत्या ऐकून घ्यायची.

तर वाल सोलून झाल्यावर मी हात धुवायला विहिरीवर गेले. आत्या मागोमाग आली.

"तो माणूस आज त्या नटीचंच नाव सांगणार ना?"

"हो."

"मी सांगू का, की माझे हात होते?"

"तुमचे होते, तुम्ही सांगा. पण मग बांगड्यांचं पण सांगावं लागेल. सासूबाई समोर असणार. शेजारच्या दोघी भाकऱ्या थापायला येणार आहेत, त्या असणार. उद्यापर्यंत आळीभर होईल."

"तेच तर." तिने साडीच्या पदराला हात पुसले. "जाऊ दे. भाकऱ्यांचं पीठ मळ जा."

दहा वाजता मी लूना काढून किल्ल्यात गेले, कारण बसवाल्याला आमची गल्ली सापडली नसती. मंडळी पडक्या चर्चच्या भिंतींमध्ये उभी होती आणि गाईड, म्हणजे तोच विमा एजंट, म्हणत होता, "मंडळी, इथेच तो दरबार!" एका गृहस्थाने सिंहासन कुठे होतं ते विचारलं. गाईडने दाखवलं, तिथे मुलांनी क्रिकेटचे स्टंप रोवले होते. "बाजूला व्हा काका, बॉल लागेल," त्यातला एक ओरडला. पुढे एका ताडाखाली चित्रीकरणाच्या वेळी मालिकेतलं देवीचं देऊळ उभारलं होतं. प्लायवूडचं. ते दुसऱ्याच दिवशी मोडून ट्रकमध्ये भरलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. तिथे दोन बायकांनी चपला काढून नमस्कार केला. ताडाला नमस्कार केल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

मी लूनावर पुढे आणि बस मागे, असे आम्ही वाडीत आलो. लोक चांगले होते. विहीर बघून म्हणाले, टीव्हीवर केवढी मोठी दिसते. मग जेवले. बिरडं पुरलं, भाकऱ्या कमी पडल्या, भात होता म्हणून निभावलं. जेवणानंतर सगळे विहिरीपाशी चिकूच्या सावलीत बसले. कट्ट्यावर आत्या वेण्या गुंफत होती. सहलीतल्या प्रत्येक बाईला एकेक वेणी द्यायची, असं गाईडने परस्पर कबूल करून टाकलं होतं. सासूबाई शेजारी बसून तिला फुलं निवडून देत होत्या.

गाईड कट्ट्याला पाय लावून उभा राहिला. "मंडळी, आता ऐका. याच विहिरीवर आपल्या नायिकेने पंधरा दिवस साधना केली. ते हात आठवतात? ते हात तिचे स्वतःचे!"

टाळ्या पडल्या. आत्याचे हात चालूच होते.

पुढच्या ओळीत एक बाई बसल्या होत्या. शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या, असं त्यांनी जेवताना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, ती नटी डावखुरी आहे का?"

"नाही बुवा," गाईड म्हणाला. "तलवार उजव्या हातात धरते की."

"तेच म्हणते मी. तलवार उजव्या हातात, आरती उजव्या हाताने. वेणीची गाठ मात्र डाव्या हाताने. मी तेव्हाच यजमानांना म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," यजमान म्हणाले. "तीनदा."

लोक हसले. गाईड म्हणाला, कलाकार माणूस आहे, दोन्ही हात चालतात. पण बाईंचं लक्ष आता त्याच्याकडे नव्हतं. त्या आत्याच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. मग बाकीचेही बघायला लागले.

"आजी, ते तुम्हीच का हो?"

आत्याने मान वर केली. ती बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "छे हो. त्या टीव्हीतल्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या. आमच्या वन्संच्या हातात बांगड्या कुठून येणार?"

वाईट हेतूने नाही म्हणाल्या. त्यांना ती साधी वस्तुस्थिती वाटली. पण भाकऱ्या थापायला आलेल्या दोघी दारात उभ्या होत्या, त्यांनी माना हलवल्या आणि विषय संपल्यासारखा झाला.

आत्याने हातातली वेणी पूर्ण केली. दोरा दातांनी तोडला. मग मला म्हणाली, "सूनबाई, तो डबा आण. आणि तेल."

मी आत गेले. तेल थंडीने गोठलं होतं. बाटली चुलीवरच्या गरम पाण्यात धरली, डबा घेतला आणि बाहेर आले. आणू का नको, असा विचार मी केला नाही. तिने मागितला होता आणि डबा तिचा होता.

सगळ्यांसमोर आत्याने झाकण काढलं, हाताला तेल लावलं आणि बांगड्या चढवायला लागली. बांगड्या लहान होत्या आणि दोन वर्षांत तिची बोटांची पेरं आणखी सुजली होती. उजव्या हातात पाच गेल्या. सहावी अंगठ्याच्या हाडापाशी अडकली. तिने जोर लावला. ती फुटणार असं मला वाटलं.

सासूबाईंनी हातातलं फुलांचं सूप खाली ठेवलं.

"अशी नाही चढायची," त्या म्हणाल्या. "अंगठा आत घ्या, वन्सं. हात सैल सोडा. लाकडासारखा काय ताठ धरलाय?"

त्यांनी आत्याचा हात आपल्या मांडीवर घेतला, पंजा दाबला आणि बांगडी सरकन आत घातली. मग दुसरा हात घेतला आणि उरलेल्या सात त्यांनीच चढवल्या. सहलीतली माणसं कासाराकडे बसल्यासारखी बघत होती.

शेवटची चढली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी कौतुक करत होते, ते तुमचं?"

"हो."

"फुकट गेलं सगळं."

"फुकट कसं? मी रोज ऐकत होते की."

"आणि बोललात नाही. लबाड!"

"तुम्ही थांबला असतात, वहिनी."

शिवणकामाच्या बाई पहिल्यांदा हसल्या, मग सगळेच. आत्याने नवी वेणी घेतली आणि गुंफायला बसली. आता हात टीव्हीतल्यासारखेच दिसत होते. फक्त टीव्हीत पावडर लावली होती, इथे तेल होतं. लोकांनी फोटो काढले. गाईडला सावरायला अर्धं मिनिटही लागलं नाही. "मंडळी, हे गुपित मी शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं!" असं म्हणून त्याने स्वतःच टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे बघितलं, तर म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी पण हेच ठेवायचं ना?"

"पुढच्या रविवारी आधी भाकऱ्या किती लागतील ते सांगा," मी म्हटलं.

बस अर्नाळ्याला गेली. दारातल्या दोघींपैकी एक निघताना सासूबाईंना हळूच म्हणाली, "आता त्या काढतील ना?" सासूबाई पातेली गोळा करत होत्या. म्हणाल्या, "मी चढवल्यात. त्या निघायच्या नाहीत." आणि तिच्या हातात उरलेल्या बिरड्याचा डबा दिला.

संध्याकाळभर आम्ही भांडी घासली. आत्याने मनगटाला फडकं गुंडाळलं होतं, राखेने काचेवर ओरखडे येतात म्हणून.

सोमवारी सकाळी सहाला मी तेलाची बाटली घेऊन पडवीत गेले. तेल पुन्हा गोठलं होतं. आत्या फुलांचं सूप समोर घेऊन बसली होती. बाजाराची फुलं सातला जातात. दोऱ्याच्या प्रत्येक फेऱ्याला बांगड्या वाजत होत्या.

"काढून देऊ का?" मी विचारलं.

"कामात आहे ना मी."

"मग दुपारी?"

"दुपारी पण कामातच असेन."

मी बाटली गरम पाण्यात धरली नाही. फडताळात जागेवर ठेवली आणि सोपट भिजवायला घेतलं.