रेडिओच्या घरातलं भूत

चौकातल्या न्हाव्याला सगळे रेडिओ म्हणत. त्याला त्याचा राग यायचा नाही, उलट अभिमानच होता. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की हा सुरू आणि संध्याकाळी शटर खाली आलं की बंद. मधल्या वेळात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री आणि कानात बातम्या. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाच्या सासूचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, कुणाच्या मुलीला कुठं नोकरी लागली, सगळं तोंडपाठ. माणूस खुर्चीत टेकला की आधी गुडघ्याची चौकशी, मग केसांची. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी कुरकुर करायचे सगळे, पण केस कापायला यायचे त्याच्याकडेच. समोर गार हवेचं नवं सलून निघालं होतं, पण तिथला कारागीर कानात यंत्र खुपसून काम करायचा. त्याला तुमच्या गुडघ्याशी काय घेणं?

तर अशा या रेडिओच्या बायकोने सिनेमात काम केलं, आणि तेही भुताच्या.

बायको म्हणजे घरबसल्या शिंप्यांच्या शर्टांची काज-बटणं करून देणारी बाई. मुलगा नोकरीसाठी दूर गेलेला. घरात दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीखाली तिची खुर्ची, आणि मांडीवर कायम कुणाचा तरी शर्ट. तिचा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, सिनेमाच्या नादाला लागलेला. त्याने एक नवीन खूळ काढलं होतं. सिनेमा सगळा बनावट, पण दाखवायचा असा की जणू खरीच घटना घडताना कुणीतरी कॅमेऱ्यात पकडलीय. एका मुलीच्या अंगात सैतान शिरतो, कॅमेरा हलतो, अंधारात धावाधाव होते, आणि मधेमधे घरच्या लोकांच्या मुलाखती. मुलीच्या आईसाठी त्याला ओळखीचा चेहरा नको होता. शिवाय फुकटात काम करणारं माणूस हवं होतं. आत्या दोन्हीत बसत होती.

ती शूटिंगला गेली, चार दिवसांनी आली आणि पुन्हा बटणं लावायला बसली. काय केलं, कसं झालं, रेडिओने विचारलं नाही. त्या दिवसांत चौकातली गटार तुंबली होती, दुकानात तोच विषय जोरात होता. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याच्यात बोलायला काही शिल्लकच राहायचं नाही.

सिनेमा लागला तेव्हा मात्र भाच्याने पास पाठवले आणि रेडिओ अर्ध्या गल्लीला घेऊन दुपारच्या खेळाला गेला. बायको आली नाही. शिंप्याला संध्याकाळपर्यंत शर्ट हवे होते.

पहिल्या अर्ध्या तासात फारसं काही झालं नाही. दारं आपटली, दिवे गेले, मुलगी भिंतीवर चढली. मागच्या रांगेतली पोरं खिदळत होती. कॅमेरा इतका हलत होता की रेडिओच्या शेजारचे मास्तर डोळे मिटूनच बसले. आणि मग पडद्यावर रेडिओची स्वतःची बायको आली. खिडकीजवळ खुर्चीत बसलेली. शांतपणे बोलायला लागली.

ती म्हणाली, पोरगी बाहेर असते तेव्हा अगदी चांगली असते हो. हसते, चार लोकांची विचारपूस करते. लोक म्हणतात, किती गोड माणूस. पण घराचं दार लागलं की बदलतं. चपला काढण्याचा आवाज तोच असतो, पण आत आलेलं माणूस आपलं नसतं. जेवताना ताटाकडे बघत राहते. हाक मारली की 'हं' म्हणते. मी एकदा मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. तरी 'हं'. एकदा मी पाय घसरून पडले, तर मला ओलांडून पाणी प्यायला गेली. मुद्दाम नाही. दिसलेच नाही मी.

मागची पोरं गप्प झाली. शेवटी कॅमेऱ्यामागून कुणीतरी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "नाही. आता सवय झालीय."

अख्ख्या थिएटरची बोबडी वळली. भिंतीवर चढणाऱ्या मुलीला कुणी दाद दिली नव्हती, पण या वाक्याला एक बाई चक्क उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवसापासून रेडिओचं दुकान म्हणजे सिनेमावरच्या चर्चेचा अड्डाच झाला. ज्याला दाढी करायची नव्हती तोही येऊन बाकावर बसायला लागला. टायरवाल्याचं ठाम मत, की हे सगळं खरंच घडलेलं आहे आणि सरकार दाबतंय. औषधाच्या दुकानदाराचं म्हणणं, मुलीला साधी फिट येत होती, वेळेवर गोळी दिली असती तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता. मास्तरांना राग कॅमेरावाल्याचा. समोर पोरगी छताला लटकतेय आणि हा बाबा शूटिंग करतोय, कॅमेरा ठेवून हात दे की तिला! शिंप्याने तर मुलीच्या कंबरेला दोरी पाहिल्याची शपथ घेतली. पण तो कुठल्याही सिनेमात दोरी बघतो, त्याचं कुणी मनावर घेत नाही.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत. वहिनींची मुलाखत. तेवढंच खरं वाटतं, बाकी पोरखेळ.

रेडिओ काय भाव खात होता म्हणून सांगू! आमच्या हिच्या अंगात कलाच आहे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला ही कला पहिल्यांदाच कळली होती, पण ते सोडा. हळूहळू तो भुताखेतांतला जाणकारच बनला. गालाला फेस लावता लावता समजावून सांगायचा, की भिंतीवर चढणं वगैरे कच्च्या सैतानाची कामं. मुरलेला सैतान बाहेर गोड बोलतो आणि घरात 'हं' म्हणतो. तो ओळखू येत नाही, हेच त्याचं कसब. लोक माना डोलवायचे.

असाच एकदा तो लक्षणं सांगत असताना टायरवाला बाकावरून म्हणाला, असं असेल तर मग मलाच झपाटलंय, माझी बायको अगदी हेच म्हणते. सगळे हसले. औषधवालाही हसला आणि म्हणाला, आमच्याकडेही तेच. मग शिंपी म्हणाला, मीठ नसलेल्या भाजीचं आमच्याकडेही झालं होतं बहुतेक, मी लक्ष दिलं नव्हतं. मग हसणं जरा कमी झालं. खुर्चीतले मास्तर नुसते टॉवेलने कान पुसत बसले. आणि पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "रेडिओ, तुला तर मुलगी नाही. मग वहिनींनी हे बघितलं कुठं?"

रेडिओ म्हणाला, कुणीतरी लिहून दिलं असेल. सिनेमात सगळं लिहूनच देतात.

आणि नशीब बघा, नेमका त्याच वेळी भाचा दाढी करायला दारात हजर. बिचाऱ्याला आत काय शिजतंय याची कल्पना नव्हती. सगळ्यांनी त्याला विचारलं, ती वाक्यं कुणी लिहिली रे? भाचा खुशीत आला. म्हणाला, कुणीच नाही, तीच तर गंमत आहे. आत्याला पाठांतर जमेना, खोटं बोलायला गेली की तिला हसू फुटायचं. शेवटी तिला सांगितलं, बनवून काही बोलूच नकोस. घरात जे पाहिलंयस ते सांग, फक्त मुलीबद्दल सांगतेयस असं समज. मग काय, थांबेचना. मी नुसतं कॅमेऱ्यामागून 'मग?' म्हणायचो, आणि ती सांगत जायची.

दुकानात कुणी कुणाकडे बघेना. रेडिओचा वस्तरा मास्तरांच्या गळ्याशी थांबलेला, आणि मास्तर श्वास रोखून बसलेले.

पण भाच्याची गाडी थांबायला तयार नव्हती. तो म्हणाला, काका, तुम्हीच तिला समजवा. दुसरा भाग काढतोय. त्यात भूत उतरतं, मुलगी पहिल्यासारखी होते, आणि आई ते सगळं आनंदाने सांगते. सगळे म्हणतात आई तीच हवी. पण आत्या नाही म्हणते. म्हणते, "ते मी कसं सांगू? ते मी कुठं पाहिलंय?"

रेडिओने वस्तरा पुसला, मिटला, ठेवून दिला. मास्तरांची अर्धी दाढी तशीच राहिली. भाच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, याला येतं थोडंफार, हा करेल पुरी. आणि भर दुपारी, दुकान उघडं टाकून, तो घराकडे चालायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यात भेटलेल्या कुणाच्याही गुडघ्याची त्याने चौकशी केली नाही.

त्याला रागही आला होता आणि भीतीही वाटत होती. राग सोपा होता. तो त्याने सगळ्या वाटेवर जपून नेला. भीतीचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं, कारण बायको पडल्याचं त्याला आठवतच नव्हतं. लाख आठवून पाहिलं. पाणी प्यायल्याचं आठवत होतं.

बायको खिडकीखाली बसून बटण लावत होती. अवेळी दारात नवरा पाहून तिने विचारलं, बरं नाही का? रेडिओने तोंड उघडलं आणि सवयीने जे यायचं तेच आलं. काय म्हणतेय तब्येत? फार उकडतंय नाही? गुडघा कसाय?

तिने सुई थांबवली. "गुडघा माझा नाही दुखत, मास्तरांचा दुखतो. आणि मी गिऱ्हाईक नाही."

मग रेडिओला तो जपून आणलेला राग आठवला. म्हणाला, "सगळ्या गावासमोर मला भूत केलंस?"

"तुमचं नाव घेतलं नाही मी."

"पण मीच ना तो?"

"हो." तिने दोरा दातांनी तोडला. "तुम्ही रोज सगळ्या गावाशी बोलता. मी एकदाच बोलले."

आता रेडिओच तो, त्याच्याकडे शब्द नाही असं कधी झालं होतं? पण झालं. तो पलंगाच्या कडेवर टेकला. वेळ जायला टेबलही नव्हतं आवरायला, कंगवेही नव्हते धुवायला. ती पुढच्या शर्टाकडे वळली. तिला या शांततेची काही नवलाई नव्हती. घाबरला होता तो. आपण आता उठून गेलो तर ही काही म्हणणार नाही, उद्याही नाही आणि परवाही नाही, हे त्याला स्पष्ट कळलं.

शेवटी तो म्हणाला, "तू म्हणालीस सवय झालीय. खरंच झालीय?"

"नाही," ती म्हणाली. "तेवढं एक खोटं बोलले. लोक म्हणतात ना मी काम चांगलं केलं? ते तेवढंच केलं. बाकी सगळं तसंच होतं."

रेडिओला हुंदकाच आला. पुरुषासारखा पुरुष, पण आला. त्याला सांगायचं होतं की मला दिसलं नाही, माझं चुकलं, मी गाढव आहे. पण हे असं बोलायची त्याला मुळीच सवय नव्हती. दुकानात कुणी हे मागत नाही. मग त्याला एकच शब्द सुचला, आणि तोही उसना.

"मग?" तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. चेष्टा करतोय का ते नीट निरखलं. मग म्हणाली, मग काय मग, त्या दिवशी पडले तेव्हा मनगट सुजलं होतं, महिनाभर काजं वाकडी जायची. तो म्हणाला, मग? शिंप्याने दोनदा शर्ट परत पाठवले. मग? मुलाचा फोन आला होता तेव्हा सांगणार होते, पण म्हटलं त्याला कशाला काळजी. बोलता बोलता तिच्या मांडीवरचा शर्ट खाली घसरला आणि तिने तो उचललाच नाही. चौकातली गटार तुंबण्याआधीच्या गोष्टी ती बोलली, मग मुलगा लहान असतानाच्या, मग कुठल्या तरी मांजराच्या, जे या घरात होतं हेच रेडिओला ठाऊक नव्हतं. मांजराच्या वेळी त्याने 'हं' म्हटलं. तिने नुसतं पाहिलं. त्याने लगेच सुधारून 'मग?' म्हटलं.

तिकडे दुकानात भाच्याने मास्तरांच्या मिशीचा एक कोपरा उडवला, आणि त्यावरही पुष्कळ मतं व्यक्त झाली, पण ते जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ दुकानात निघाला होता. चपला घालताना त्याला आतून तिचा आवाज ऐकू आला. फोनवर होती, भाच्याशी.

"दुसऱ्या कुणाला आईचं काम देऊ नकोस रे इतक्यात," ती सांगत होती. "हो म्हणत नाहीये मी. थांब म्हणतेय. काल जेवताना ह्यांनी एकदा वर बघितलं, भाजीत मीठ जास्त आहे म्हणाले. बघू किती टिकतंय."