शेजारच्या बोटातलं अंगुस्तान

उभ्या पुण्यात आमच्या लेखकांइतका खोदून विचारणारा माणूस झाला नाही. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. माणसं मी मापून ओळखतो. हे लेखक कचेरीत कारकून, उरलेल्या वेळात गोष्टी लिहायचे. एक शर्ट शिवायला म्हणून आले आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर वीस वर्षं बसले. कोणी लग्नाचा कोट शिवायला आला, की मी छाती मापेपर्यंत हे विचारणार, "मुलगी पाहायला गेलात तेव्हा पोह्यांत शेंगदाणे होते का हो?" एकदा स्वारगेटला यांचं पाकीट मारलं. चोराच्या सदऱ्याचं तिसरं बटण काळ्या दोऱ्यानं लावलं होतं, हे त्यांनी चौकीत बरोबर सांगितलं. तोंड मात्र पाहायचं राहिलं होतं. मी हसलो, तर म्हणाले, "मास्तर, तोंड सगळ्यांनाच असतं."

त्यांनी माझ्यावरही गोष्ट लिहिली. दोन वर्षांनी ती दिवाळी अंकात आली. मी अक्षर अक्षर लावून वाचली आणि अडकलो. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची पितळी टोपी, ती गोष्टीतल्या शिंप्यानं करंगळीशेजारच्या बोटात घातली होती. अहो, ती मधल्या बोटात घालतात.

"लोक म्हणतील, मास्तरला काम येत नाही."

"मी पाहिलं तेच लिहिलंय."

"मग डोळे तपासून घ्या."

ते स्टुलावरून उठले ते परत आले नाहीत. मीही बोलावलं नाही. आपण कशाला बोलवायचं?

पुढं तयार कपड्यांची दुकानं झाली. त्यांचा मुलगा कंप्युटरच्या कंपनीत लागला आणि त्यांना हिंजवडीला घेऊन गेला. गेल्या वर्षी दुकान आवरताना तो अंक हाती लागला. बायकोनं गोष्ट वाचली आणि म्हणाली, "तुम्हाला मधल्या बोटाला नखुरडं झालं होतं, आठवतं का? दोन महिने शेजारच्या बोटात घालत होतात."

दुसऱ्या दिवशी बसा बदलत मी हिंजवडीला गेलो. त्यांच्या सोसायटीचं नाव तेवढं ऐकून होतो. फाटकावरच्या वॉचमननं फ्लॅटचा नंबर विचारला. मला ठाऊक नव्हता. आडनाव सांगितलं.

"काका, या आडनावाची बारा घरं हाएत हितं."

"डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे," मी सांगितलं. "भेटल्या माणसाला नको ते विचारतात."

"नंबर आणा काका."

संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर उभा राहून गॅलऱ्यांतले वाळत घातलेले शर्ट बघत होतो. माझ्या हातची कॉलर मी लांबूनही ओळखतो. दिसली नाही.

आता काम असं नाहीच. कुणाच्या साडीचा फॉल, कुणाची काजं. अंगुस्तान मी त्या शेजारच्याच बोटात घालतो. सुई नीट ढकलली जात नाही, टाका वाकडा पडतो. तिथं का घालता, असं अजून एकानंही विचारलेलं नाही.