आईसाठी काढलेले पाटे

आमच्या ट्रकला आई सवत म्हणायची. वडील, म्हणजे आमचे अण्णा, सदा तिच्याच तैनातीत. ती रुसली की दिवसभर तिच्याखाली पाठीवर पडून. लहानपणी मला त्या गाडीचा रागच यायचा.

आईचं दुखणं मणक्यात उतरलं आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा तिने एकच मागणं केलं. भात कापणीला यायच्या आत इगतपुरीकडचं माहेर बघायचं. पण नुसती कूस बदलली तरी ती कळवळायची. मी ॲम्ब्युलन्स बोलवते म्हटलं.

"त्या गाडीत घातलं की माणूस गेलंच म्हणायचं," ती म्हणाली. "आपल्या गाडीतून न्या मला. सवतीच्या मांडीवर डोकं ठेवून जाते."

आता सवतीची मांडी म्हणजे निव्वळ दगड. कांद्याची जास्त पोती नेता यावीत म्हणून अण्णांनी गाडीच्या कमानीत पुढेमागे जादा पाटे घालून घेतले होते. चाकांच्या वर एकावर एक बसवलेल्या त्या पोलादी पट्ट्या जितक्या जास्त, तितका भार पेलतात. आतल्या माणसाची हाडं मात्र खिळखिळी करतात. अण्णांनी गाडी द्वारका चौकाजवळच्या मिस्त्रींकडे लावली आणि जादा पाटे काढायला सांगितले.

"मग माल कसा नेणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"माल ऱ्हाऊ दे. बायकोला न्यायचंय."

पाटे निघाल्यावर त्यांनी केबिनमधल्या मागच्या फळीवर गादी घातली आणि मला आडवं केलं. "डोळे मीट. तू आई हायेस असं समज. कुठं लागतंय ते सांग."

सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांतून त्यांनी मला फिरवलं. गाडी उडतच होती. रिकामी गाडी उडणारच! जन्मभर ट्रक चालवलेला माणूस एवढी साधी गोष्ट विसरला, इतका तो घाबरला होता. मग त्यांनी पाट्यांमध्ये ग्रीस भरून घेतलं, कमानीच्या सांध्यांतले झिजलेले बुश बदलले आणि केबिनला लागून वाळूची पोती रचायला घेतली. पोतं चढवायचं, फिरून यायचं, मला विचारायचं, पुन्हा एक चढवायचं. शेवटी खड्डा आला की गाडी नुसती अलगद खाली बसून वर यायला लागली.

"आता नाही लागत," मी म्हणाले. अण्णांनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. मलाही रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी आईच्या उशाशी बसले होते. विल्होळीपर्यंत ती बोलत होती. "सवत लय मऊ झाली गं," म्हणून हसलीसुद्धा. वाडीवऱ्हे गेल्यावर गप्प झाली. घोटीच्या अलीकडे, माझ्या हातात हात असताना, तिचा श्वास थांबला.

अण्णांची नजर रस्त्यावर होती. "झोप लागली वाटतं तिला," ते हळूच म्हणाले. "बघ, एक दणका बसू दिला नाय."

कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता. मी हो म्हणाले.

पुढे प्रत्येक गतिरोधकावर ते गाडी अगदी आजारी माणसाला हात धरून पायरी चढवावी तशी हळू चढवत होते, हळू उतरवत होते. दोन्हीकडे भात पिवळं झालं होतं. ते पाहून मला हुंदका फुटला.

"हळू," अण्णा म्हणाले. "उठंल ती."